रब्बी परंपरा म्हणजे काय, आणि ती आली कोठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू धर्माविषयी वाचकांकडून येणारे बहुतेक प्रश्न शेवटी रब्बींपाशी येऊन थांबतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एका उत्तरातील मुद्दा दुसऱ्यात लागत असल्यास तेथे क्रमांक दिला आहे. बायबलमधील व्यक्तींची आणि ग्रंथांची नावे शक्यतो मराठी बायबलप्रमाणे ठेवली आहेत.

१. रब्बी म्हणजे ज्यूंचा पुजारी का?

नाही. पुजाऱ्याच्या जवळपास जाणारा वर्ग कोहेनांचा, म्हणजे मराठी बायबलातील याजकांचा. त्यासाठी अहरोनाच्या कुळात जन्म घ्यावा लागतो, आणि याजकांचे मुख्य काम जेरुसलेमच्या मंदिरातील यज्ञबलींचे होते. ते मंदिर पडल्यावर काम संपले, मान तेवढा उरला. रब्बी होण्यासाठी कुळ लागत नाही, अध्ययन लागते. या शब्दाचा अर्थ 'माझे गुरू' असा आहे. सामुदायिक प्रार्थनेला पारंपरिक नियमानुसार दहा प्रौढ पुरुष हवेत. त्यांत रब्बी असलाच पाहिजे असे नाही, आणि प्रार्थना म्हणणारा हझानही वेगळा असू शकतो.

प्राचीन रब्बी विद्येवर पोट भरत नसत. एकाच्या नावातच तो चपला बनवणारा असल्याची नोंद आहे: योहानान हसंदलार. दुसरे मोठे विद्वान रब्बी यहोशवा यांच्या घरी विद्यापीठप्रमुख रब्बान गमलिएल क्षमा मागायला गेले, तेव्हा भिंती काजळीने काळ्या पडलेल्या पाहून त्यांना प्रथमच कळले की हा मनुष्य कोळशाचे काम करतो. त्यावर यहोशवांनी सुनावले, की ज्या पिढीचे पुढारी तुम्ही, त्या पिढीची कीव येते; विद्वान कसे जगतात, काय खातात, हे तुम्हाला ठाऊकच नाही. हा प्रसंग तल्मूदनेच, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या मोठ्या ग्रंथानेच (प्रश्न ६ पाहा), जपून ठेवला आहे.

२. 'रब्बी परंपरा' म्हणतात तेव्हा नेमके काय अभिप्रेत असते?

देवाने मोशेला सिनाय पर्वतावर दोन गोष्टी दिल्या, असे रब्बी मानतात: एक लिखित तोरा, म्हणजे बायबलमधील पहिले पाच ग्रंथ, आणि दुसरी मौखिक तोरा, म्हणजे त्या लिखिताचा अर्थ, तपशील आणि अर्थ लावण्याच्या रीती. या मौखिक भागाचे जतन, विस्तार आणि त्यावरून निर्णय देण्याचा अधिकार, हे सगळे मिळून रब्बी परंपरा होते. ती जितकी ग्रंथांची आहे तितकीच, किंबहुना काकणभर जास्तच, 'अर्थ कोणी लावायचा' या अधिकाराची आहे.

मौखिक भागाची गरज का, हे लिखित तोरा वाचताना लगेच जाणवते. शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या, दिवशी काम करू नका, असे ती बजावते. पण काम कशाला म्हणायचे याची यादी देत नाही. रब्बींनी ती 'एक उणे चाळीस', म्हणजे एकोणचाळीस प्रकारांची केली: नांगरणे, पेरणे, दळणे, शिवणे, दोन अक्षरे लिहिणे, अग्नी पेटवणे इत्यादी. अनुवाद ग्रंथाच्या बाराव्या अध्यायात 'मी तुला आज्ञा दिली आहे त्याप्रमाणे' जनावर कापावे असे म्हटले आहे, पण तशी आज्ञा लिखित तोरेत कोठेही सापडत नाही. रब्बींचे म्हणणे असे, की ती तोंडी दिलेली होती.

३. ही परंपरा खरोखर मोशेपासूनची, की नंतरची?

परंपरेचे उत्तर मिश्ना या रब्बींच्या नियमसंग्रहातील (प्रश्न ६ पाहा) 'पिर्के अवोत' या प्रकरणाच्या पहिल्या ओळीत आहे: मोशेने सिनायवर तोरा स्वीकारली आणि यहोशवाकडे सोपवली, यहोशवाने वडील जनांकडे, त्यांनी संदेष्ट्यांकडे, संदेष्ट्यांनी 'महासभे'च्या लोकांकडे. पुढे जोडीने आलेल्या विद्वानांच्या पाच पिढ्या येतात आणि शेवटची जोडी हिल्लेल व शम्माय यांची. याजकांचा या साखळीत वर्ग म्हणून उल्लेखच नाही, आणि हे अनवधानाने झाले असावे असे मला वाटत नाही.

इतिहासकार ही साखळी जशीच्या तशी घेत नाहीत. त्यांना दिसणारा ठोस दुवा परूशी पंथाचा आहे. पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो, की परूशी लोक मोशेच्या नियमशास्त्रात न लिहिलेल्या, पूर्वजांकडून आलेल्या पुष्कळ प्रथा पाळायला सांगतात आणि त्यांचा विरोधी पंथ, सदूकी, त्या नाकारतो. म्हणजे लिखिताबाहेरच्या परंपरेचा दावा आणि त्यावरचे भांडण, दोन्ही रब्बींच्या आधीचे आहेत. मात्र त्या परंपरेला 'मौखिक तोरा' असे सिद्धांताचे रूप देणे, आणि 'रब्बी' ही पदवी म्हणून रूढ होणे, हे इ. स. ७० नंतरचे काम आहे.

४. इ. स. ७० ला एवढे महत्त्व का?

त्या वर्षी रोमन सेनापती टायटसने जेरुसलेम घेतले आणि दुसरे मंदिर जाळले. बली, यात्रा आणि याजक यांच्यावर उभा असलेला धर्म एका उन्हाळ्यात निराधार झाला. तल्मूदमधील कथेनुसार, वेढा चालू असताना योहानान बेन झक्काई यांना शिष्यांनी शवपेटीत घालून शहराबाहेर काढले. त्यांनी टायटसचा बाप व रोमन सेनापती व्हेस्पेशियन याच्यापुढे जाऊन त्याला सम्राटपदाचे भाकीत सांगितले आणि बक्षीस म्हणून मागितले ते यावने हे गाव व तेथील विद्वान. कथेचे तपशील ऐतिहासिक धरता येत नाहीत. खुद्द तल्मूदमध्येच एक जण विचारतो, की मागायचेच होते तर जेरुसलेम का मागितले नाही?

यावने येथे झालेली कामे मात्र पाहण्यासारखी आहेत, कारण ती लहान आणि व्यवहारी आहेत. नववर्षाचा सण शब्बाथाला आला तर मेंढ्याचे शिंग फक्त मंदिरात फुंकले जाई. योहानान यांनी ठरवले, की आता जेथे न्यायसभा असेल तेथे ते फुंकावे. अशा एकेका निर्णयातून मंदिराचे अधिकार न्यायसभेकडे आणि पाठशाळेकडे आले. बार कोखबाचे बंड (१३२ ते १३५) रोमनांनी चिरडल्यावर विद्येचे केंद्र उत्तरेकडे गालीलात सरकले. रब्बींचा शब्द लगेच सर्वत्र चालू लागला असे समजू नये. सामान्य ज्यूंवर त्यांचा पगडा बसायला काही शतके लागली, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

५. येशूलाही 'रब्बी' म्हटले आहे. मग तो रब्बी होता का?

शुभवर्तमानांत शिष्य त्याला तसे संबोधतात, पण ते गुरूला आदराने मारलेली हाक म्हणून. दीक्षा घेतलेला रब्बी ही संस्था तेव्हा आकाराला आलेली नव्हती (प्रश्न ३ पाहा). हिल्लेल आणि शम्माय यांच्या नावांमागेही ही पदवी लावत नाहीत.

६. मिश्ना, गमारा, तल्मूद, मिद्राश यांत फरक काय?

मिश्ना म्हणजे इ. स. २०० च्या सुमारास यहूदा हनासी यांनी गालीलात संकलित केलेला नियमसंग्रह. भाषा इब्री, विभाग सहा (शेती, सण, स्त्रिया व विवाह, नुकसानभरपाई, पवित्र वस्तू, शुद्धाशुद्ध) आणि पोटविभाग ६३. मंदिर पडून सव्वाशे वर्षे उलटली असताना बलींचे नियम त्यात बारकाईने दिले आहेत, ही गोष्ट नव्या वाचकाला चक्रावते. पण मंदिर पुन्हा उभे राहील ही आशा सोडलेली नव्हती.

मिश्नेवर पुढच्या पिढ्यांनी केलेली चर्चा म्हणजे गमारा, बहुतांशी अरामी भाषेत. दोन्ही मिळून तल्मूद. तल्मूद दोन आहेत: गालीलात सुमारे इ. स. ४०० पर्यंत तयार झालेला, ज्याला जेरुसलेमचा म्हणतात, आणि आजच्या इराकमधील सूरा, पुंबेदिता आदी विद्यापीठांतून सहाव्या शतकापर्यंत आकाराला आलेला बाबिलोनी. नुसते 'तल्मूद' म्हटले की बाबिलोनी समजावा. मिद्राश हा वेगळा प्रकार आहे: तेथे चर्चा नियमाच्या विषयावरून सुरू न होता बायबलच्या वचनाला धरून चालते.

छापील तल्मूदचे पान ओळखीचे असते. मधोमध मूळ मजकूर, बांधणीच्या बाजूला अकराव्या शतकातील फ्रान्सचे भाष्यकार राशी, आणि बाहेरच्या बाजूला त्यांच्या नातवंडांच्या पिढीपासूनचे टीकाकार, जे पदोपदी राशींशी वाद घालतात. ही मांडणी व्हेनिसमध्ये १५२० ते १५२३ दरम्यान छापलेल्या पहिल्या संपूर्ण आवृत्तीपासून रूढ झाली. १९२३ मध्ये सुरू झालेल्या 'रोज एक पान' या उपक्रमात २,७११ पाने सुमारे साडेसात वर्षांत वाचून होतात.

७. परंपरा मौखिक होती, तर लिहिली कशाला?

लिहिण्याला खरोखर विरोध होता. तोंडी दिलेले लिहून ठेवू नये, असे तल्मूदमध्येच एक वचन आहे. विद्यापीठांत पाठांतर करणारे खास लोक असत आणि प्रश्न पडला की त्यांना बोलावून पाठ म्हणायला लावत. आपल्याकडच्या घनपाठी वैदिकांसारखे. पण अर्थ न कळता पाठ म्हणणाऱ्याला तल्मूद 'पुस्तकांनी भरलेली टोपली' म्हणून टोमणाही मारते. विस्मरण, छळ आणि स्थलांतर यांमुळे अखेर लिखाणाला मुभा दिली गेली, आणि 'परमेश्वराने कार्य करण्याची वेळ आली आहे' हे स्तोत्रसंहितेतील वचन त्याला आधार म्हणून घेतले.

मिश्ना नेमकी केव्हा लिहिली, हा प्रश्न जुनाच आहे. आजच्या ट्युनिशियातील कैरवान येथील ज्यूंनी तो पुंबेदिताचे प्रमुख शेरिरा गाओन यांना पत्राने विचारला, आणि ९८७ च्या सुमाराचे त्यांचे दीर्घ उत्तर रब्बी परंपरेच्या इतिहासाचे मुख्य साधन ठरले. दूरच्या गावाने प्रश्न पाठवायचा आणि विद्वानाने लेखी निर्णय द्यायचा, हा पुढे रब्बी वाङ्मयाचा स्वतंत्र प्रकारच झाला; तो आजही चालू आहे.

८. निर्णय हवा असताना मिश्ना मतभेदच का देत बसते?

मिश्नेचे पहिलेच वाक्य प्रश्न आहे: संध्याकाळचा शमा, म्हणजे 'हे इस्राएला, ऐक' ही प्रार्थना, कधीपासून म्हणावी? सुरुवात ठरते, शेवटच्या मर्यादेबाबत तीन मते येतात. रब्बी एलिएझर म्हणतात रात्रीच्या पहिल्या प्रहरापर्यंत, इतर विद्वान म्हणतात मध्यरात्रीपर्यंत, रब्बान गमलिएल म्हणतात पहाट फुटेपर्यंत. मग लगेच घरातली गोष्ट: गमलिएलांची मुले मेजवानीहून उशिरा परतली आणि म्हणाली, आमचा शमा राहिला. ते म्हणाले, पहाट फुटली नसेल तर अजून म्हणणे तुमच्यावर बंधनकारक आहे. पुढे स्पष्टीकरण येते, की मध्यरात्रीची मर्यादा घातली ती माणसाने चालढकल करून चूक करू नये म्हणून. म्हणजे मुळातला नियम, त्याभोवतीचे कुंपण आणि प्रत्यक्ष वागणूक, हे तिन्ही एका परिच्छेदात दिसतात.

अल्पमत का नोंदवायचे, याचे उत्तर मिश्ना स्वतः देते: पुढच्या काळातील एखाद्या न्यायसभेला तेच मत योग्य वाटले, तर तिला आधार मिळावा. हिल्लेल आणि शम्माय यांच्या घराण्यांचा तीन वर्षे चाललेला वाद संपवताना आकाशवाणी झाली, की दोन्ही मते जिवंत देवाचीच वचने आहेत, पण निर्णय हिल्लेलच्या बाजूने. कारण काय? ते सौम्य होते, आणि स्वतःच्या मताआधी शम्मायच्या घराण्याचे मत सांगत.

९. आकाशवाणी झाली तरी रब्बींनी मानली नाही, अशी कथा ऐकली आहे. ती खरी का?

कथा तल्मूदमध्ये, बावा मेत्सिया या भागात आहे. पण ती सहसा अर्धीच सांगितली जाते. वाद एका मातीच्या भट्टीचा होता. तिचे कडी कडी करून तुकडे केले होते आणि दोन कड्यांमध्ये वाळू भरली होती. अशी भट्टी विटाळते की नाही? रब्बी एलिएझर एकटेच म्हणाले, नाही. युक्तिवाद संपल्यावर ते चमत्कारांवर आले. माझे खरे असेल तर हे झाड सिद्ध करील म्हणताच कॅरबचे झाड शंभर हात सरकले. ओढा उलटा वाहिला. पाठशाळेच्या भिंती कलल्या. रब्बी यहोशवांनी (प्रश्न १ पाहा) भिंतींनाच दटावले, की विद्वान वाद घालताहेत, तुमचा काय संबंध? म्हणून त्या पडल्या नाहीत आणि एलिएझरांच्या मानाखातर सरळही झाल्या नाहीत. अखेर आकाशवाणी झाली, की निर्णय एलिएझरांचाच बरोबर आहे. तेव्हा यहोशवा उठून म्हणाले, 'ती स्वर्गात नाही'. हे अनुवाद ग्रंथातीलच वचन आहे: तोरा सिनायवर देऊन झाली, आता निर्णय बहुमताने. पुढे एलिया संदेष्ट्याकडून कळते, की त्या क्षणी देव हसून म्हणाला, माझ्या लेकरांनी मला हरवले.

बहुतेक लोक येथे थांबतात. मूळ कथेत यानंतर एलिएझरांना बहिष्कृत केले जाते, आणि हे दुसऱ्या कोणी कठोरपणे सांगू नये म्हणून रब्बी अकिवा काळी वस्त्रे नेसून स्वतः जातात व चार हात दूर बसतात. एलिएझर रडतात, पिके करपतात, आणि शेवटी त्यांच्या आर्त प्रार्थनेने त्यांचे मेहुणे गमलिएल मरतात. कथा येते तीही शब्दांनी माणूस दुखावण्याच्या पापाविषयीच्या चर्चेत. बहुमताचा अधिकार निर्विवाद, पण तो वापरताना माणूस चिरडला तर देव त्याचा हिशेब मागतो, या दोन्ही गोष्टी सांगणाऱ्याला एकत्र सांगायच्या आहेत.

१०. 'डोळ्याच्या बदल्यात डोळा' हा नियम रब्बी कसा समजावतात?

पैशाची भरपाई, असा. आंधळ्याने कोणाचा डोळा फोडला तर काय करणार, सर्वांचे डोळे सारखे थोडेच असतात, अशा हरकती तल्मूद काढते आणि वचनांच्या तुलनेतून भरपाईचा निष्कर्ष सिद्ध करते. मिश्नेने भरपाईची पाच कलमे केली आहेत: अवयवाची हानी, वेदना, औषधोपचार, बुडालेली मजुरी आणि अपमान. अक्षरार्थ आणि रब्बींचा अर्थ यांतील अंतर येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

११. रब्बी देवाची आज्ञा बदलू शकतात का?

बदलली असे ते कधीच म्हणत नाहीत. पण कुंपण घालतात आणि वाटही काढतात. करडू आईच्या दुधात शिजवू नये, ही तोरेची आज्ञा. मांस आणि दूध एकत्र खाऊच नये, इथपर्यंत रब्बींनी तिचा अर्थ लावला. कोंबडीला ती लागू करणे हे मात्र प्रचलित मतानुसार रब्बींचे कुंपण आहे. कोंबडी काही दूध देत नाही, आणि गालीलातील रब्बी योसे यांच्या गावी ती दुधासह खातही असत.

वाट काढण्याचे प्रसिद्ध उदाहरण हिल्लेलचे. दर सातव्या वर्षी कर्जे माफ होतात, अशी आज्ञा होती. परिणामी ते वर्ष जवळ आले की कोणी गरिबाला कर्ज देईना, आणि असे करू नका हेही तोरेत लिहिलेले. हिल्लेलने 'प्रोझबुल' नावाचा दस्तऐवज आणला: सावकाराने येणे न्यायसभेच्या स्वाधीन करायचे, म्हणजे ते व्यक्तीचे राहत नाही आणि माफही होत नाही.

तोरेचे नियम आणि रब्बींचे नियम यांत परंपरा स्वतःच फरक करते. तोरेच्या नियमाबाबत शंका असल्यास कडक बाजू घ्यायची, रब्बींच्या नियमाबाबत सौम्य. एक पेच मात्र उरतो. हनुक्का या सणाचा दिवा लावताना 'ज्याने आम्हाला आज्ञा दिली' असा आशीर्वाद म्हणतात, आणि हा सण तर तोरेत नाही. तल्मूदच विचारते, कोठे आज्ञा दिली? उत्तर: तत्कालीन न्यायाधीशांच्या निर्णयापासून ढळू नको, असे अनुवाद ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात आहे, त्यात ही आज्ञा आली.

१२. आजचे रब्बी त्याच अखंड साखळीतले आहेत का?

अध्ययनाच्या अर्थाने होय, दीक्षेच्या अर्थाने नाही. गुरूने शिष्याला अधिकार देण्याची मूळ साखळी प्राचीन काळाच्या अखेरीस तुटली. १५३८ मध्ये सफेद या गावी याकोब बेराव यांनी ती पुन्हा जोडण्याचा प्रयत्न केला, पण जेरुसलेमच्या विद्वानांनी विरोध केल्याने तो फसला. आजची दीक्षा म्हणजे निर्णय देण्याइतके ज्ञान असल्याचे गुरूचे किंवा संस्थेचे प्रमाणपत्र. स्त्रियांना ती मिळते का, हे पंथावर अवलंबून आहे: जर्मनीत रेगिना योनास यांना १९३५ मध्ये मिळाली, अमेरिकेतील सुधारणावादी पंथाने १९७२ पासून देण्यास सुरुवात केली, ऑर्थोडॉक्स प्रवाहात बहुतांश ठिकाणी अजून मान्यता नाही.

१३. सगळे ज्यू रब्बी परंपरा मानतात का?

नाही. सर्वांत ठाम नकार कराई पंथाचा. त्याचा उगम आठव्या शतकातील बाबिलोनियातील आनान बेन दाविद यांच्याशी जोडतात. कराई फक्त लिखित बायबल मानतात. हनुक्का पाळत नाहीत, आणि शब्बाथाला घरात अग्नी नको याचा अर्थ आधी लावलेला दिवाही नको असा घेत, त्यामुळे त्यांची शुक्रवारची रात्र अंधारात जाई. रब्बींच्या मते आधी लावलेला दिवा चालतोच, उलट तो लावणे कर्तव्य आहे. गंमत अशी, की लिखितालाच चिकटून राहायचे ठरवल्यावर कराईंनाही स्वतःची भाष्ये आणि प्रथा तयार कराव्या लागल्याच. आधुनिक सुधारणावादी ज्यूंचा नकार वेगळा आहे: ते तल्मूद वाचतात, त्यातून शिकतात, पण ते बंधनकारक मानत नाहीत.

१४. कोकणातले बेने इस्रायल शतकानुशतके रब्बींशिवाय कसे राहिले?

अलिबाग परिसरात स्थिरावलेल्या या समाजाजवळ तल्मूद नव्हता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सुंता, शब्बाथ, खवले आणि पर असलेलेच मासे खाणे आणि शमाची पहिली ओळ एवढे त्यांनी टिकवले होते. मंदिर पडल्याच्या स्मरणाचा उपवास त्यांच्यात बिरड्याच्या सणाशी जोडलेला होता. हनुक्का मात्र त्यांना ठाऊक नव्हता. त्यांच्या परंपरेनुसार दावीद रहाबी या पाहुण्याने बायकांना मिश्र मासे रांधायला दिले, आणि बिनखवल्यांचे बाजूला काढलेले पाहून हे ज्यूच असल्याची खूणगाठ बांधली. त्याने तीन घराण्यांतील तरुणांना शिकवून तयार केले. ते काझी म्हणवले जात आणि वाद मिटवत, विधी करत. रब्बी परंपरेशी नियमित संबंध त्यानंतरचा: १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले, आणि एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिक्षक आले. इब्री शिकवण्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही वाटा होता. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या समाजासाठी इब्रीचे व्याकरण मराठीतून काढले.

१५. मग इस्रायलमध्ये बेने इस्रायलांच्या लग्नांवरून वाद का झाला?

कारण इस्रायलमध्ये ज्यूंचे विवाह व घटस्फोट मुख्य रब्बी मंडळाच्या अखत्यारीत आहेत, आणि रब्बींच्या कायद्यात घटस्फोटाला 'गेट' नावाचे लेखी पत्र लागते. ते नसताना स्त्रीने पुनर्विवाह केला, तर त्या विवाहातील संततीला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही, आणि हा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. ज्या समाजाला गेटचे नियमच ठाऊक नव्हते, त्यात असे काही घडले नसेल कशावरून, ही रब्बींची शंका. समाजाचे उत्तर होते, की आमच्यात घटस्फोट जवळजवळ नव्हतेच. १९६१ मध्ये मंडळाने विवाहांना मान्यता दिली, पण १९६२ च्या सूचनांत नोंदणी करणाऱ्यांनी बेने इस्रायल अर्जदाराच्या आईकडील पूर्वजांची चौकशी करावी असे सांगितले. ज्यू म्हणून मायदेशी आलेल्या लोकांना हे सहन होणे शक्य नव्हते. निदर्शने झाली आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत समान हक्कांचे ज्यू असल्याचे जाहीर करून मंडळाला तोडगा काढण्याचे आवाहन केले. त्यानंतर मंडळाने सूचनांतून या समाजाचे नाव काढले आणि त्या जागी ज्यांच्या विवाहयोग्यतेबद्दल शंका असेल असे कोणीही, असा सर्वसाधारण शब्दप्रयोग घातला. शंका असल्यास चौकशी करण्याचा मंडळाचा अधिकार मात्र तसाच राहिला (प्रश्न ११ पाहा, विवाहाची वैधता हा तोरेच्या पातळीवरचा विषय असल्याने तेथे शंकेला कडक बाजू लागते).